सिरोंचा परिसरातील मानसिक आजारांच्या व्याप्तीचे संख्याशास्त्रीय अंदाज : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोणत्याही प्रदेशातील आजारांची व्याप्ती किती, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच प्रशासनाचा आणि संख्याशास्त्राचाही आहे. रुग्णालये कोठे बांधावीत, डॉक्टरांची पदे किती असावीत, औषधांचा साठा किती ठेवावा हे सर्व निर्णय एखाद्या आकड्याच्या आधाराने घेतले जातात. शारीरिक आजारांच्या बाबतीत हा आकडा मिळविणे अवघड असते; मानसिक आजारांच्या बाबतीत ते अधिकच अवघड आहे. येथे रक्ततपासणीसारखी एकच खूण नसते, रुग्ण स्वतःला रुग्ण मानेलच असे नाही आणि कुटुंबाची प्रवृत्ती बहुधा आजार झाकण्याकडे असते. म्हणूनच प्रत्यक्ष मोजणी जेथे पोहोचत नाही तेथील व्याप्ती इतर प्रदेशांच्या माहितीवरून अनुमानाने ठरविण्याची पद्धत रूढ झाली.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेला सिरोंचा तालुका या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, तेलुगू, मराठी व गोंडी-माडिया अशा भाषांचा एकत्र वावर आणि जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर ही या परिसराची वैशिष्ट्ये होत. येथील मनोरुग्णांची संख्या सांगणारे जे जे आकडे गेल्या दीडशे वर्षांत उपलब्ध झाले किंवा काढता येतात, ते कसे तयार झाले याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) वसाहतकालीन खानेसुमारी व मनोरुग्णालये यांतून झालेल्या मोजणीचे स्वरूप तपासणे.
२) स्वातंत्र्योत्तर काळातील पाहण्या व संख्याशास्त्रीय प्रतिमाने यांचा सिरोंचासारख्या लघुक्षेत्राशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) अशा क्षेत्रासाठी विश्वसनीय अंदाज कोणत्या अटींवर शक्य आहे याचे विवेचन करणे.

वसाहतकालीन मोजणी : पोलीस आणि पटवारी

१८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांकडे आला आणि त्यातून अप्पर गोदावरी हा स्वतंत्र जिल्हा निर्माण होऊन सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे झाले. १८७४ मध्ये हा जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला. याच काळात, १८६४ साली, नागपूर येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच.

त्या वेळी लागू असलेल्या १८५८ च्या कायद्यानुसार भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावयाचे व त्याच्या हुकमाने इस्पितळात पाठवावयाचे असे. परिणामी इस्पितळाच्या नोंदवहीतील संख्या ही आजाराच्या व्याप्तीपेक्षा पोलिसांच्या संचाराची मोजणी अधिक होती. ज्या अरण्यप्रदेशात ठाणी मोजकी आणि नागपूरचा मार्ग कित्येक दिवसांचा, तेथून इस्पितळात पोहोचणारे रुग्ण नगण्य असणे स्वाभाविक होते. हा नियम केवळ मध्य प्रांतापुरता नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वैद्य एडवर्ड जार्व्हिस यांनी १८५० च्या सुमारास असे दाखवून दिले होते की मनोरुग्णालयापासूनचे अंतर जसजसे वाढते तसतसे लोकसंख्येच्या प्रमाणात तेथून दाखल होणारे रुग्ण घटत जातात. दूरच्या गावी वेड कमी असते असा याचा अर्थ नव्हता. दूरच्या गावचे वेड नोंदवहीपर्यंत येत नव्हते.

दुसरा मार्ग खानेसुमारीचा. १८८१ ते १९३१ या काळातील प्रत्येक अखिल भारतीय खानेसुमारीत वेड, जन्मजात मूकबधिरत्व, अंधत्व व महारोग या चार व्यंगांची नोंद घेतली जाई. संपूर्ण देशात १८८१ साली सुमारे ८१ हजार वेड्यांची नोंद झाली. १९०१ साली ती सुमारे ६६ हजारांवर उतरली आणि १९३१ साली सुमारे १ लाख २० हजारांवर गेली. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण अनुक्रमे ३५, २३ व ३४ असे येते. १९०१ मधील घट आजार कमी झाल्याने झाली असे मानणे कठीण आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अशक्त व निराधार माणसे मोठ्या संख्येने दगावली हे एक कारण होते. नोंदणीतील त्रुटी हे दुसरे. पटवारी, शाळामास्तर अशा गणकांना वेडाचे निदान करण्याचे शिक्षण नव्हते. त्यांनी घरच्या माणसाचे उत्तर लिहून घेतले. त्यामुळे उघड, हिंसक किंवा असहाय स्थितीतील व्यक्तीच वेड्यांच्या रकान्यात आली. खिन्नता, भयगंड किंवा मद्यासक्ती यांना त्या रकान्यात स्थान नव्हते.

अशा आकड्यांवरून प्रादेशिक तुलना करणे किती धोक्याचे असते याचे उदाहरणही जार्व्हिस यांच्याच कार्यात सापडते. अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचे प्रमाण विलक्षण अधिक दिसले आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याचा पुराव्यासारखा वापर केला. जार्व्हिस यांनी मूळ तक्ते तपासले तेव्हा ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता तेथेही कृष्णवर्णीय वेडे नोंदविल्याचे आढळले. आकडा छापला गेला की त्याच्या जन्माची कथा मागे पडते, आणि त्यावर उभे राहिलेले निष्कर्ष मात्र टिकून राहतात.

१९४१ च्या जनगणनेपासून व्यंगांची ही नोंद बंद झाली. १९८१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्न पुन्हा विचारला गेला तरी त्यात मानसिक आजाराचा समावेश नव्हता. तो २००१ मध्ये झाला. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे सिरोंचातील मनोरुग्णांविषयी जनगणनेने कोणताही प्रश्न विचारला नाही.

भोर समिती व उसना दर

या रिक्त काळात नियोजनाला आकडा तर हवाच होता. १९४३ साली नियुक्त झालेल्या व १९४६ साली अहवाल सादर केलेल्या भोर समितीने तो अनुमानाने मिळविला. इंग्लंड-अमेरिकेतील मनोरुग्णालयांच्या खाटांशी तुलना करून समितीने असे मांडले की भारतात हजारी दोन मनोरुग्ण धरले तरी किमान ८ लाख रुग्णांची सोय आवश्यक आहे. प्रत्यक्षात उपलब्ध खाटा होत्या १० हजारांहून थोड्या अधिक. समितीचा हेतू उणीव दाखविण्याचा होता आणि तो साध्यही झाला. मात्र पद्धतीच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा पायंडा पडला. एका ठिकाणचा किंवा गृहीत धरलेला दर घ्यावा, त्यास दुसऱ्या ठिकाणच्या लोकसंख्येने गुणावे आणि येणारा गुणाकार त्या ठिकाणची व्याप्ती मानावी, असा हा पायंडा होय.

स्वातंत्र्यानंतर आग्रा, लखनौ, पाँडिचेरी, वेल्लोर, पश्चिम बंगाल इत्यादी ठिकाणी प्रत्यक्ष पाहण्या झाल्या. त्यांचे एकत्रित विश्लेषण करून रेड्डी व चंद्रशेखर यांनी १९९८ मध्ये १३ अभ्यासांच्या आधारे हजारी ५८.२ असा दर काढला. गांगुली यांनी २००० मध्ये १५ अभ्यासांवरून हजारी ७३ असा. ज्या अभ्यासांवर हे सरासरी दर उभे आहेत त्यांतील अनेक अभ्यास वैद्यकीय महाविद्यालयांच्या किंवा संशोधनसंस्थांच्या आसपास झालेले होते, कारण मनोविकारतज्ज्ञ तेथेच उपलब्ध होते. अंतराचा जो नियम इस्पितळांना लागू पडला तोच या पाहण्यांनाही लागू पडला.

राष्ट्रीय पाहणी आणि महाराष्ट्र

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. १२ राज्यांतील ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती घेण्यात आल्या. प्रौढांमध्ये मानसिक आजारांचे चालू प्रमाण १०.६ टक्के व आयुष्यातील केव्हातरी आजार झाल्याचे प्रमाण १३.७ टक्के आढळले. निरनिराळ्या आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. या पाहणीचे मोल मोठे आहे. तथापि निवडलेल्या १२ राज्यांत छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरात होते, महाराष्ट्र नव्हता. इंद्रावतीच्या पलीकडील राज्याची पाहणी झाली, अलीकडची राहिली.

महाराष्ट्रात झालेले अभ्यास मुख्यतः शहरांचे किंवा पश्चिम विदर्भाचे आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे येथील पाहणीत आयुष्यभरातील प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले, म्हणजे राष्ट्रीय पाहणीतील प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. साधने, व्याख्या व नमुने भिन्न असल्याने या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु पुण्याचा दर घ्यावा की राष्ट्रीय, या निवडीवरच सिरोंचाचा अंदाज दुप्पट-तिप्पट बदलतो हे ध्यानात घ्यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या कार्यक्रमाच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांसाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. गावपातळीवर मोजणी आणि सेवा एकत्र चालविता येतात याचा हा विदर्भातीलच पुरावा होय. शेतकरी आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भाकडे लक्ष वेधले गेले. २००६ च्या केंद्रीय मदत योजनेतील सहा जिल्हे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा हेच होते. पूर्वेकडील अरण्यजिल्हे या चौकटीत आले नाहीत.

प्रतिमानाची कार्यपद्धती

पाहणी नसलेल्या क्षेत्राचा अंदाज काढण्याच्या शास्त्रास लघुक्षेत्र अनुमान म्हणता येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने १९६८ मध्ये राष्ट्रीय पाहणीतील वय, लिंग इत्यादी गटांचे दर प्रत्येक राज्याच्या लोकसंख्येस लावून अपंगत्वाचे राज्यवार अंदाज काढले. १९७९ मध्ये फे व हेरियट यांनी एक पाऊल पुढे टाकले. लहान गावांच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना त्यांनी त्या गावाचा स्वतःचा नमुना आणि इतर माहितीवर आधारलेले समीकरण या दोहोंना त्यांच्या विश्वसनीयतेनुसार भार दिला.

ही पद्धती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या तालुक्यात १०० प्रौढांचा नमुना घेतला आणि त्यात १६ जण आजारी आढळले. नमुना लहान असल्याने खरे प्रमाण सुमारे ९ ते २३ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. दुसरीकडे वय, शिक्षण, ग्रामीण-नागरी रचना यांवरून समीकरणाने १० टक्के असा अंदाज दिला. दोन्ही अंदाजांची अनिश्चितता सारखी असेल तर संमिश्र अंदाज १३ टक्के येईल. नमुना मोठा असेल तर तो १६ कडे झुकेल, लहान असेल तर १० कडे. तालुक्यातील नमुनाच नसेल तर स्थानिक माहितीचा भार शून्य होतो आणि अंदाज पूर्णपणे समीकरणाचा, म्हणजेच इतर प्रदेशांचा, उरतो. सिरोंचाचे आजवरचे सर्व आधुनिक अंदाज याच शेवटच्या प्रकारात मोडतात.

जागतिक रोगभार अभ्यासाच्या भारतविषयक भागात हीच उसनवारी अधिक प्रगत स्वरूपात दिसते. त्याच्या अंदाजानुसार २०१७ साली भारतात सुमारे १९ कोटी ७३ लाख व्यक्तींना, म्हणजे लोकसंख्येच्या १४.३ टक्क्यांना, कोणता ना कोणता मानसिक आजार होता. या अभ्यासात राज्यांची सामाजिक-लोकसंख्यात्मक निर्देशांकानुसार तीन गटांत विभागणी केली असून महाराष्ट्र उच्च गटात आहे. राज्याच्या सरासरीपुरते हे योग्यच आहे. पण २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात गडचिरोली जिल्हा राज्यात सर्वांत खालच्या स्थानावर होता. मुंबई-पुण्याच्या बळावर उच्च गटात गेलेल्या राज्याचा दर सिरोंचास लावताना हा विरोध लपून राहतो.

एक जिल्हा, पाच आकडे

आतापर्यंतच्या विवेचनाचा परिणाम एका साध्या गणिताने दाखविता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. या एकाच लोकसंख्येस निरनिराळ्या काळांतील दर लावले असता पुढील संख्या येतात.

१) १८८१ च्या खानेसुमारीचा अखिल भारतीय दर (लाखामागे ३५) : सुमारे ३७५
२) २०११ च्या जनगणनेतील मानसिक आजाराचा अखिल भारतीय दर (७,२२,८२६ व्यक्ती, लाखामागे सुमारे ६०) : सुमारे ६४०
३) भोर समितीचा गृहीत दर (हजारी २) : सुमारे २,१४५
४) रेड्डी व चंद्रशेखर यांचा दर (हजारी ५८.२) : सुमारे ६२,४५०
५) जागतिक रोगभार अभ्यासाचा दर (१४.३ टक्के) : सुमारे १,५३,४००

यांपैकी कोणताही आकडा गडचिरोलीत मोजलेला नाही. आजाराची व्याख्या प्रत्येक वेळी वेगळी असल्याने हे आकडे परस्परांशी जुळणे अपेक्षितही नाही. परंतु सर्वांत लहान व सर्वांत मोठा यांच्यात चारशेपटींहून अधिक अंतर आहे, आणि नियोजनकार यांतील कोणताही एक उचलू शकतो. ६४० रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयातील एक कक्ष पुरेसा वाटेल. दीड लाखांसाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित माणूस लागेल. सिरोंचातील रुग्णाला औषध तालुक्याच्या गावी मिळेल की त्यासाठी गडचिरोली किंवा नागपूर गाठावे लागेल, हे या निवडीवर अवलंबून आहे.

सिरोंचाचे समीकरणाबाहेर राहणारे घटक

प्रतिमानात जी साहाय्यक माहिती वापरतात ती प्रायः वय, लिंग, शिक्षण, वस्तीचा प्रकार अशी असते. सिरोंचा परिसराच्या बाबतीत काही महत्त्वाचे घटक या माहितीत बसत नाहीत.

पहिला घटक भाषेचा. प्रमाणित प्रश्नावली मराठीत उपलब्ध असली तरी तेलुगू किंवा माडिया बोलणाऱ्या व्यक्तीस 'मन उदास वाटते का' हा प्रश्न त्याच अर्थाने पोहोचेल याची खात्री नसते. दुःख अनेकदा अंगदुखी, निद्रानाश किंवा बाहेरची बाधा या शब्दांत सांगितले जाते आणि त्यावरील पहिला उपाय गावच्या पुजाऱ्याकडे शोधला जातो. दुसरा घटक हंगामाचा. मिरची तोडणीसाठी येथील मजूर गोदावरीपलीकडे तेलंगणात जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता संकलनासाठी कुटुंबे रानात असतात, पावसाळ्यात नद्यांना पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. पाहणी कोणत्या महिन्यात झाली यावर घरी कोण सापडले हे ठरते. तिसरा घटक काळाचा. १९८० पासून या भागाने सशस्त्र संघर्ष अनुभवला; २०१९ मध्ये गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या शेतजमिनी पाण्याखाली जाण्याचा प्रश्न उभा राहिला. अशा घटनांचा मनावरील ताण देशव्यापी समीकरणाच्या कोणत्याही चलात दिसत नाही.

स्थानिक मोजणीचे गडचिरोलीतील उदाहरण

गावात जाऊन केलेली मोजणी प्रस्थापित आकडे कसे बदलू शकते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. 'सर्च' संस्थेचे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकारी यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदींवरून हे चित्र कधीही उभे राहिले नसते. २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील बालमृत्यूंच्या अभ्यासानेही शासकीय नोंदीत बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर सुटतात हे दाखविले.

संख्याशास्त्रातही यास अनुरूप पद्धती आहे. सी. चंद्रशेखरन व डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर येथील जन्ममृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या पडताळून, दोन्हींतून सुटलेल्यांची संख्या काढण्याचे सूत्र मांडले. आशा कार्यकर्तीची यादी आणि पुजाऱ्याकडे येणाऱ्यांची यादी या दोन स्वतंत्र याद्या गुप्तता राखून जुळविल्या तर उघड व तीव्र आजारांपुरता असाच अंदाज सिरोंचातही करता येईल. दोन्ही याद्या खरोखर परस्परनिरपेक्ष असणे ही त्याची अट आहे. पुजारीच रुग्णास आशाकडे पाठवीत असेल तर दोन्ही याद्यांत तीच नावे येतील आणि सुटलेल्यांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

निष्कर्ष :

१) सिरोंचा परिसरातील मानसिक आजारांचे वसाहतकालीन आकडे पोलीस व गणक यांच्या आवाक्याचे निदर्शक आहेत, आधुनिक आकडे इतर प्रदेशांतून उसने घेतलेल्या दरांचे गुणाकार आहेत.

२) संख्याशास्त्रीय प्रतिमान हे स्थानिक मोजणीचे पूरक साधन आहे. स्थानिक नमुना शून्य असता प्रतिमान त्या क्षेत्राविषयी नवीन काही सांगू शकत नाही. ते केवळ इतरांविषयीची माहिती त्या क्षेत्रावर ठेवते.

३) सिरोंचा, अहेरी, भामरागड व एटापल्ली या तालुक्यांत लहान का होईना पण यादृच्छिक नमुना घेणे, मुलाखती तेलुगू, मराठी व गोंडी-माडिया भाषांत घेणे आणि हंगामी स्थलांतराचा काळ टाळणे आवश्यक आहे. काहीशे कुटुंबांचा नमुनाही प्रतिमानातील स्थानिक भार शून्यावरून वर आणतो.

४) प्रत्येक अंदाजासोबत त्याची विश्वासमर्यादा, आजाराची व्याख्या आणि दर कोठून घेतला हे नमूद व्हावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक व्यक्तीस शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. किती जणांना हा हक्क मिळाला हे सांगण्यासाठी किती जणांना त्याची गरज होती हे माहीत असावे लागते. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे येतात. येथील महाविद्यालयांतील संख्याशास्त्र, समाजकार्य व भाषा या विषयांच्या अध्यापकांनी आरोग्य यंत्रणेच्या सहकार्याने असा नमुना घेतल्यास सिरोंचाचा पहिला स्वतःचा आकडा तयार होऊ शकेल. मुलाखतींत जे रुग्ण आढळतील त्यांच्या उपचारांची सोय आधी निश्चित करूनच हे काम हाती घ्यावे लागेल.